धातू धरणारं शेवाळ

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये कथील आणि तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. त्यांचं पाणी कार्नन नदीवाटे रेस्ट्रॉन्गेट नावाच्या खाडीत येतं. 1970 च्या दशकात प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनच्या संशोधकांनी तिथल्या खडकांवरचं फ्यूकस जातीचं तपकिरी शेवाळ तपासलं. त्यात तांबं आणि जस्त एवढं साठलेलं आढळलं की पाण्यातल्या धातूची पातळी ओळखायला शेवाळाचाच उपयोग करता येईल, असं त्यांनी दाखवून दिलं. पाण्याचा नमुना फक्त त्या घटकेची स्थिती सांगतो, शेवाळ कित्येक आठवड्यांचा हिशेब ठेवतं. 1992 च्या जानेवारीत त्याच खोऱ्यातल्या बंद पडलेल्या व्हील जेन खाणीचं आम्लयुक्त पाणी फुटून बाहेर आलं आणि खाडी नारिंगी झाली, तेव्हा तिथल्या पाण्यात काय काय उतरत असतं हे साऱ्या जगाला दिसलं. शेवाळाला ते आधीपासूनच ठाऊक होतं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. जे शेवाळ धातू इतक्या निष्ठेनं धरून ठेवतं, त्याच्याकडून दूषित पाणी स्वच्छ का करून घेऊ नये?

गेली चाळीसेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा हाच प्रश्न विचारत आल्या आहेत आणि प्रयोगशाळेपुरतं त्याचं उत्तर निःसंशय ‘होय’ असं आहे. तरीही कारखान्यांत शेवाळ पोचलेलं नाही. माझ्या मते याचं कारण शेवाळाच्या गुणात नाही, आपण त्याला नेमून दिलेल्या कामात आहे. सगळी घाण जिथे एकत्र होते तिथे ते उभं केलं तर हरतं. एकाच धातूचं पातळ, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी जिथे निघतं, तिथे ते उत्तम चालायला हवं. हे पटण्यासाठी शेवाळ धातू नेमकं कशानं धरतं ते आधी पाहायला हवं.

तपकिरी शेवाळाच्या पेशींच्या भिंतीत अल्जिनेट नावाचा पदार्थ असतो. वाळलेल्या शेवाळाच्या वजनात त्याचा वाटा जातीनुसार दहा ते चाळीस टक्के भरतो. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड यांनी 1881 मध्ये तो वेगळा काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आज आइस्क्रीम घट्ट ठेवायला, जखमेवरच्या पट्ट्यांत आणि दाताचा ठसा घेताना दंतवैद्य तोंडात धरायला लावतात त्या लगद्यात अल्जिनेटच असतं. त्याचे रेणू म्हणजे मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक या दोन आम्लांच्या कड्यांच्या लांब साखळ्या. प्रत्येक कडीवर कार्बोक्सिल गट असतो आणि पाण्यात त्याच्यावर ऋण भार येतो. दोन धन भारांचा कॅल्शियमसारखा आयन भेटला की शेजारशेजारच्या दोन साखळ्या त्याला मध्ये घेऊन जुळतात. ग्युल्युरॉनिकचे सलग तुकडे नागमोडी असल्यामुळे त्यांच्यामध्ये खळगे तयार होतात आणि आयन त्यांत अंड्यांच्या ट्रेमधल्या अंड्यासारखा बसतो. 1973 मध्ये मांडलेली ही रचना आजही त्याच नावानं ओळखली जाते.

हे डोळ्यांनी पाहणंही अवघड नाही. सोडियम अल्जिनेट पाण्यात घोटलं की मधासारखं दाट, जवळजवळ रंगहीन द्रावण तयार होतं. ते ड्रॉपरनं कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. थेंब पाण्याला लागताच त्याच्यावर साय धरते आणि काही मिनिटांत तो चिमटीत धरता येईल अशी मऊ, पारदर्शक गोळी बनतो. अशा मूठभर गोळ्या धुऊन मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात टाकल्या की थोड्याच वेळात गोळ्या निळ्या दिसू लागतात आणि भोवतालच्या पाण्याचा रंग उतरतो. तांबं आत शिरलेलं असतं आणि कॅल्शियम बाहेर पडलेलं असतं. या प्रक्रियेचं वर्म या अदलाबदलीतच आहे. शेवाळ धातू गिळत नाही, पचवत नाही, नष्ट तर मुळीच करत नाही. आधीचा आयन सोडतं आणि नवा धरतं. त्यासाठी ते जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवून, भरडून, धुतलेलं मेलेलं शेवाळ हेच काम करतं, किंबहुना सोयीनं करतं, कारण विषारी पाण्यात ते मरण्याचा प्रश्न उरत नाही. प्रदूषित खाडीत शेवाळ लावा, ती स्वच्छ होईल, अशा कल्पना अधूनमधून कानावर येतात. त्या मांडणारे हा फरक विसरतात.

या अदलाबदलीत सगळे धातू सारखे नसतात. नॉर्वेच्या आर्ने हॉग यांनी 1960 च्या सुमारास अल्जिनेटच्या आवडीनिवडीचा जो क्रम लावला, त्यात शिसं सगळ्यात वर आहे. त्याखाली तांबं, मग कॅडमियम, त्यानंतर बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम येतात. कोबाल्ट, निकेल, जस्त आणि मँगनीज कॅल्शियमच्याही खाली. हा क्रम नीट लक्षात ठेवावा, कारण शेवाळाचं यश आणि अपयश दोन्ही त्यातूनच समजतं. दुसरी गोष्ट पाण्याच्या सामूची. सामू दोनच्या खाली गेला की हायड्रोजनचे आयन इतके वाढतात की कार्बोक्सिल गटांवर तेच जाऊन बसतात आणि धातूला जागा मिळत नाही. सामू चार-पाचच्या आसपास असला की जागा मोकळ्या होतात आणि धातू झपाट्यानं पकडला जातो, बहुतांश काम पहिल्या तासाभरात उरकतं. सामू त्याहून बराच वर गेला तर धातू हायड्रॉक्साइड होऊन स्वतःच खाली बसू लागतो. आम्लानं धातू सुटतो हा दोष वाटेल, पण खरं तर तो मोठा गुण आहे. भरलेल्या शेवाळावरून थोडंसं सौम्य आम्ल सोडलं की धातू परत मिळतो आणि शेवाळ पुन्हा वापरता येतं.

किती धातू धरला जातो? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले बोहुमिल वोलेस्की यांनी 1980 आणि 90 च्या दशकांत या विषयाला शिस्त लावली. 1993 मध्ये त्यांच्या गटानं अॅस्कोफायलम आणि सारगॅसम या तपकिरी शेवाळांवर कॅडमियमचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात अॅस्कोफायलमनं दर ग्रॅममागे 100 मिलिग्रॅमहून जास्त कॅडमियम धरलं होतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक. कॅडमियम म्हणजे जपानच्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई हा आजार ज्यानं पसरवला तो धातू. फुकट उगवणारं एखादं शेवाळ त्याला एवढ्या प्रमाणात पकडतं ही बातमी लहान नव्हती. त्यानंतर वेगवेगळी शेवाळं, धातू आणि सामू घेऊन हजारो शोधनिबंध निघाले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची सारगॅसम आणि टर्बिनेरिया ही शेवाळं घेऊन चेन्नईतही बरंच काम झालं.

मात्र या निबंधांतले बहुसंख्य प्रयोग एकाच पठडीतले आहेत. शुद्ध पाण्यात एका धातूचा क्षार विरघळवायचा, चंबूत शेवाळाची पूड टाकून हलवायचं आणि शेवटी आलेख काढायचा. दरम्यान अमेरिकेत जैविक पदार्थांवर आधारलेली काही उत्पादनं बाजारात आणण्याचे प्रयत्न झाले. अल्गासॉर्बमध्ये सिलिकात बसवलेलं सूक्ष्म हिरवं शेवाळ होतं, तर खाणींच्या पाण्यासाठी तिथल्या खाण खात्यानं केलेल्या बायोफिक्सच्या मण्यांत दलदलीतलं पीट मॉस आणि इतर जैविक पदार्थ प्लास्टिकमध्ये बांधलेले होते. यांतलं काहीही उद्योगाच्या नेहमीच्या वापरात रुजलं नाही. एवढं ज्ञान आणि एवढा थोडा उपयोग, हे अंतर बोचणारं आहे.

कारण शोधायला आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतीतलं सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र डोळ्यांपुढे आणावं. तिथे मुलामा देणाऱ्या, रंगाच्या, औषधांच्या, यंत्रभागांच्या कारखान्यांचं पाणी एकत्र येतं. त्यात तेल, साबण, मीठ, सायनाइड, क्रोमेट सगळं असतं. शिवाय दख्खनच्या बोअरचं पाणी मुळातच जड, म्हणजे कॅल्शियमनं भरलेलं. त्याचा हिशेब करून पाहा. लिटरला 100 मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे अडीच मिलिमोल. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात शिशाची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, म्हणजे अर्ध्या मायक्रोमोलहूनही किंचित कमीच. त्या मर्यादेजवळ पोचलेल्या पाण्यात शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियमचे पाच हजारांहून जास्त आयन शेवाळाच्या दारात रांग लावून उभे असतात. शिशाची ओढ जबर असल्यामुळे ते तरीही काही जागा मिळवतं. निकेल आणि जस्त मात्र कॅल्शियमच्याही मागे असल्यामुळे त्यांचा निभाव लागत नाही. सायनाइडशी किंवा तत्सम पदार्थांशी बांधला गेलेला धातू तर ऋण भाराचा होऊन बसतो, तो शेवाळाकडे फिरकतच नाही. अशा ठिकाणी शेवाळ टाकून ते चाललं नाही म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. समुद्र स्वच्छ करायला त्याला जुंपणं तर आणखीच व्यर्थ. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम असतं.

आता दुसरं ठिकाण पाहा. तांब्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात वस्तू मुख्य टाकीतून निघून धुण्याच्या टाकीत जाते. अंगाला चिकटलेलं द्रावण तिथे धुतलं जातं. शेवटच्या धुण्याला डाग पडू नयेत म्हणून बरेच कारखाने क्षारमुक्त पाणी वापरतात, म्हणजे कॅल्शियमचा प्रतिस्पर्धी आपोआप बाद होतो. पाण्यात धातू एकच आणि तोही पातळ. समजा, रोज 10,000 लिटर पाणी निघतं आणि त्यात लिटरला 20 मिलिग्रॅम तांबं आहे. दिवसाला 200 ग्रॅम तांबं झालं. शेवाळाकडून ग्रॅममागे फक्त 40 मिलिग्रॅमची अपेक्षा ठेवली, जी प्रयोगांतल्या कमाल आकड्यांहून मुद्दाम कमी धरली आहे, तरी पाच किलो वाळलेलं शेवाळ त्या दिवसाला पुरतं. कॅल्शियमच्या क्षारात मुरवून घट्ट केलेल्या शेवाळाचे दाणे दोन नळकांड्यांत भरायचे आणि पाणी एकातून दुसऱ्यात सोडायचं. पहिल्यातून तांबं निसटू लागलं की दुसरं ते झेलतं, तोवर पहिलं धुऊन घ्यायचं. धुताना 40 लिटर सौम्य सल्फ्युरिक आम्ल लागलं असं धरलं तर लिटरला पाच ग्रॅम तांब्याचं द्रावण हाती येतं, म्हणजे मूळ पाण्याच्या अडीचशे पट घट्ट. मुलाम्याच्या आम्लधर्मी टाकीत तांब्याचं सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्लच असतं, त्यामुळे हे द्रावण तपासून तिथेच परत घालता येईल किंवा विजेनं त्यातलं तांबं पत्र्यावर उतरवता येईल. एक काळजी घ्यावी लागेल. त्या टाकीतून आलेलं धुण्याचं पाणी आम्लट असतं, त्याचा सामू कॉस्टिक सोड्यानं थोडा वर आणून चारच्या पुढे न्यावा लागेल. सोडियमचे आयन एकाच भाराचे असल्यामुळे तांब्याशी त्यांची स्पर्धा फारशी नसते. शिसं धरलं असेल तर सल्फ्युरिक आम्ल चालणार नाही, कारण शिशाचं सल्फेट विरघळत नाही. तिथे नायट्रिकसारखं दुसरं आम्ल निवडावं लागेल.

यावर कारखानदार दोन प्रश्न विचारेल आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, चुना इतका स्वस्त असताना हा खटाटोप कशाला? चुन्यानं सामू वाढवला की तांबं खाली बसतं आणि मर्यादाही सहज पाळली जाते. पण चुन्याच्या गाळात तांबं इतर धातूंबरोबर अडकून पडतं. तो गाळ घातक कचरा ठरतो आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे टनावारी पैसे मोजून पाठवावा लागतो. म्हणजे विकत घेतलेलं तांबं पुन्हा पैसे देऊन पुरायचं. शिवाय चुना पातळ पाण्यात फार खालपर्यंत पोचत नाही, शिसं आणि कॅडमियमच्या कडक मर्यादा गाठताना त्याची दमछाक होते. दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे. हेच काम करणारे कृत्रिम राळेचे मणी, म्हणजे आयन-बदल रेझिन, बाजारात तयार आहेत. ते एकसारखे असतात, कित्येक वर्षं टिकतात. मग शेवाळ का? मोठ्या कारखान्याला रेझिन परवडतं आणि तिथे ते वापरणंच शहाणपणाचं, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण धातू निवडून धरणारं खास रेझिन महाग असतं, तेल आणि सेंद्रिय घाणीनं ते खराब झालं की नुकसान मोठं होतं. भोसरी-चाकणच्या गल्ल्यांत पाच-दहा माणसांवर चालणारी मुलाम्याची छोटी शेड ते नुकसान सोसू शकत नाही. पाच किलो शेवाळ खराब झालं तर ते काढून दुसरं भरता येतं. शेवाळाची बाजू नेमकी इथे भक्कम आहे. मात्र ती सिद्ध होण्यासाठी चंबूतले आलेख पुरेसे नाहीत. एकाच शेडच्या खऱ्या पाण्यावर पन्नास-शंभर वेळा भरणं आणि धुणं करून दर फेरीला क्षमता किती घटली, शेवाळातून किती सेंद्रिय पदार्थ पाण्यात झिरपला, आम्ल आणि कॉस्टिक किती लागलं, याच्या नोंदी हव्यात. आपल्या विद्यापीठांनी हे काम हाती घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं, कारण नव्या शेवाळावर नवा धातू घेऊन आणखी एक निबंध लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त आहे.

शेवाळाच्या मर्यादा लपवून त्याची बाजू मांडता येणार नाही. आर्सेनिक पाण्यात ऋण भाराच्या किंवा भाररहित रूपात असतं, त्यामुळे ऋण भाराचं अल्जिनेट त्याला पकडू शकत नाही. बंगालच्या विहिरींतल्या आर्सेनिकवर साधं शेवाळ हा उपाय नव्हे, त्यात लोह बसवून वेगळाच पदार्थ करावा लागतो. क्रोमियमचंही तसंच. मुलाम्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम क्रोमेट म्हणून ऋण भाराचं असतं. तीव्र आम्लात शेवाळ त्याला तीन संयुजेच्या कमी घातक रूपात बदलू शकतं, पण त्यात शेवाळाचाच काही भाग खर्ची पडतो. उलट हिजिकी या सारगॅसमच्या एका जातीत मूळचंच अजैविक आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या अन्न यंत्रणेनं 2004 मध्ये ते खाऊ नये असा सल्ला दिला. म्हणून कुठलंही शेवाळ गाळणीत भरण्याआधी त्याच्यातलंच काय पाण्यात उतरतं ते तपासणं भाग आहे.

इथेच शरीर ‘डिटॉक्स’ करणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांबद्दल बोलायला हवं. 1964 मध्ये मॅकगिलच्याच संशोधकांनी दाखवलं की सोडियम अल्जिनेट पोटात गेलं तर किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम आतड्यातून कमी शोषलं जातं. अणुचाचण्यांच्या त्या काळात हा शोध महत्त्वाचा होता आणि तो खराही आहे. पण त्याचा अर्थ आतड्यात आत्ता असलेल्या आयनापुरता. अल्जिनेट रक्तात जात नाही, त्यामुळे हाडांत आणि मेंदूत जाऊन बसलेलं शिसं ते ओढून काढू शकत नाही. शिशाची बाधा झालेल्या मुलाला रुग्णालयात तपासणी आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखालची औषधं लागतात. जाहिरातीतल्या गोळीवर विसंबून तो वेळ घालवणं धोक्याचं आहे.

आता प्रश्न कच्च्या मालाचा. भारतात शेवाळाची शेती होते ती मुख्यतः कॅपाफायकस या लाल शेवाळाची. त्यातून कॅराजिनन मिळतं, अल्जिनेट नव्हे. तपकिरी सारगॅसम आणि टर्बिनेरिया आपल्याकडे निसर्गातूनच गोळा होतात, विशेषतः मन्नारच्या आखातात, जिथे मंडपम-रामेश्वरम भागातल्या बायका बुडी मारून खडकांवरचं शेवाळ तोडतात आणि ते अल्जिनेटच्या कारखान्यांना जातं. त्यांच्या पोटापाण्याचा हा आधार असला तरी तो भाग सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासचा आहे. शेवाळ मुळासकट उपटलं तर माशांच्या पिलांचा आसरा जातो. मालवण-वेंगुर्ल्याच्या आणि गोव्याच्या खडकांवरही सारगॅसम उगवतं, पण ते थोडं आहे. कारखान्यांची गाळणी भरण्यासाठी ते ओरबाडायला मी कधीही पाठिंबा देणार नाही. एक प्रदूषण आवरण्यासाठी कोकणातलं मत्स्यजीवन पणाला लावणं हा सौदा वाईट आहे. चीनमध्ये तपकिरी शेवाळाची प्रचंड शेती होते. कॅरिबियन समुद्रात 2011 पासून तरंगत्या सारगॅसमचे लोंढे किनाऱ्यांवर येऊन कुजतात. ते उचलायचाच तिथे मोठा खर्च आहे, आणि त्यातलं आर्सेनिक धुऊन काढता आलं तर गाळणीसाठी त्याहून सोयीचा माल दुसरा नाही. आपल्याला मात्र किनारा न ओरबाडता तपकिरी शेवाळ दोरांवर वाढवता येतं का हे पाहावं लागेल, किंवा बाजारात मिळणाऱ्या अल्जिनेटच्या गोळ्या करून वापराव्या लागतील. गोळ्या महाग पडतात, पण दर खेपेला एकसारख्या मिळतात.

राहिला वापरून संपलेल्या शेवाळाचा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात निकडीचा वाटतो. कितीही वेळा धुतलं तरी एक दिवस दाणे फुटतात, क्षमता संपते, आणि त्यांत थोडा धातू उरलेलाच असतो. दिसायला ते साधं वाळलेलं शेवाळ असतं. भारताच्या किनारपट्टीवर काही ठिकाणी शेवाळ माडांना आणि शेताला खत म्हणून घालतात, त्यामुळे शेडच्या मागे टाकलेलं एखादं पोतं कुणीतरी भल्या हेतूनं उचलून बागेत नेऊ शकतं. कॅडमियम मातीतून भाजीत सहज चढतं. म्हणून ज्या कारखान्याला अशी गाळणी बसवायची परवानगी मिळेल, त्यानं नवं शेवाळ किती किलो आणलं आणि संपलेलं किती किलो घातक कचऱ्यात दिलं याची नोंद एकाच वहीत ठेवावी, पोत्यांवर रंगानं खूण करावी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासनिसानं पाण्याच्या नमुन्याइतकीच ती वहीही तपासावी.